बावली चावली, त्याची हकीकत

श्री. अंकुशराव यांना भालकीहून बालाजीचा मनापासून रामराम.

तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि रानातली तूर, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. तुमची बहीण दीपमाला रागारागात तुमच्याकडे आळंदला पोचली असेलच. ती फोन उचलत नाही, तुम्हीही उचलेनासे झालात (योग्यच आहे), म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. मी तिला वेडी म्हटलेलं नाही. निदान मोठ्यानं तरी नाही. एवढं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

परवा संध्याकाळी स्वयंपाकघरात वटवाघूळ शिरलं. मी झाडू घेऊन धावलो. "मारायलाव कामून? मुकं जनावर हाय!" म्हणत दीपमालानं ते उघड्या हातांनी धरलं आणि चिंचेवर सोडलं. त्या गडबडीत माझ्या बोटाला ओरखडा आला. दाताचा की झाडूच्या काडीचा, याचा रात्रभर विचार करूनही निकाल लागेना, तेव्हा सकाळी दवाखाना गाठला. नर्सबाई कानडी. वटवाघळाला कानडीत बावली म्हणतात, म्हणून त्यांच्या सोयीसाठी मी म्हणालो, "बावली कच्चितु," म्हणजे चावली. रांगेत मागे आमच्या गल्लीतले महबूबचाचा उभे. त्यांच्या दखनीत बावली म्हणजे वेडी बाई.

"कौनसी बावली? घर की?"

"हौ, घरमेंच थी."

"पहले भी काटी क्या?"

आता आधी कधी झोपेत चावलं असेल तर मला काय माहीत? "पक्का नै बोल सकता," मी म्हणालो. (खात्री नसताना नाही म्हणणं मला जमत नाही.) मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. शेजारच्या राजूबाईंनी दीपमालाला विचारलं, "कामून चावलीस गं नवऱ्याला?" पुढचं तुम्ही तिच्याकडून ऐकलंच असेल.

रेबीजची सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुणी हात लावला होता का? मी पळत घरी आलो तर दाराला कुलूप. तेव्हापासून त्या विषाणूचं कूळ वाचत बसलोय. रेबीजचे बहुतेक भाऊबंद वटवाघळांतच सापडतात. मूळ घर तेच असावं, कुत्र्यांकडे तो नंतर राहायला गेला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. वटवाघळांच्या वेगवेगळ्या जातींत मुक्काम करत तो थोडा थोडा बदलत गेला, जसं आपलं मराठी भालकीत एक, उदगीरला दुसरं. लस जवळच्या भाऊबंदांना ओळखते. लांबच्यांना ओळखेलच असं नाही. आपल्याकडच्या वटवाघळांत असलं काही फारसं आढळलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी कालपासून त्या 'फारसं'भोवती येरझाऱ्या घालतोय.

वहिनींना नमस्कार.

आपला,
बालाजी

ता.क. खरं काम हे: दीपमालाला आजच दवाखान्यात न्या. रोग उमटल्यावर इलाज नाही. राग सुई घेतल्यावरही करता येतो.

आणखी एक. तिथं कानडीत काही सांगू नका. स्पष्ट 'वटवाघूळ' म्हणा. कळलं नाही तर हातांचे पंख करून दाखवा.

कंडक्टर शिट्टी मारायलाय, तरी लिहितो. ती हट्टाला पेटून "घरातला बावळा चावला" असंच सांगणार असेल, तर सांगू द्या. मी सही करून देतो. फक्त सुई घेऊ द्या.