बेन्यातच्या वाटेवर

बायगोरी,
१४ नोव्हेंबर १९८७

ति. मायालेनताईस,
सा. न. वि. वि.

लोकरीचे मोजे पोचले. जरा मोठे होतात, पण आत दुसरा जोड घालून वापरते आहे.

शोधपथकाचे प्रमुख परवा घरी येऊन गेले. भला माणूस. टोपी हातात धरून स्वयंपाकघरात उभाच राहिला, बसला नाही. अकरा दिवस माणसं आणि हेलिकॉप्टर लावून शोधलं, आता वर बर्फ आहे, जूनपर्यंत काही करता येणार नाही, म्हणाला. जूनमध्ये पुन्हा शोधणार का, असं विचारलं, तर कुणा वाटसरूला काही दिसलं तर नक्की, म्हणाला. म्हणजे नाही.

ताई, माझा बेन्यात तेवीस वर्षांचा आहे. ‘होता’ असं मी लिहिणार नाही. आन्दायच्या समुद्रात पाय भिजवून निघाला, अख्खी पिरेनीज ओलांडून पलीकडच्या समुद्रात भिजवायला. सहा सप्टेंबरचं त्याचं कार्ड आलं, आरिएज भागातल्या डोंगरावरच्या निवाऱ्यातून. पुढचे नऊ दिवस गाव नाही, दुकान नाही, काळजी करू नको, एवढंच. नऊ दिवसांनी ज्या गावात तो उतरायचा, तिथे उतरलाच नाही. त्या नऊ दिवसांच्या वाटेवर तो कुठेतरी आहे. जुलैत ती वाट मी चालणार आहे.

हसू नकोस. मी शिकवणी लावली आहे. पलीकडच्या दरीत साबीन एस्त्राद म्हणून एक बाई आहेत. वीस वर्षं लोकांना डोंगरावर नेत होत्या, आता लांबच्या वाटांसाठी माणसं तयार करतात. पहिल्या दिवशी पाठीवर आठ किलो बटाटे देऊन मला टेकडीवर नेलं. अर्ध्यात मी ओकले. त्यांनी पाणी दिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, ग्राशीबाई, तुम्ही डोंगर चढत नाही, त्याच्याशी भांडता. त्याला सवड आहे, तुम्हाला नाही.

मीही म्हटलं, मला जुलैपर्यंत सवड आहे.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ग्राशी

*

बायोन,
२९ नोव्हेंबर १९८७

चि. ग्राशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता कॉफी गार झाली. चर्चला जायलासुद्धा मोपेड काढणारी माझी बहीण पिरेनीज चढणार! शाळेच्या खानावळीत वाकून वाकून तुझी कंबर गेली आहे. उजवा गुडघा तर तुझा कधीच नव्हता, लहानपणापासून तो देवाकडून उसना आणलेला आहे.

आता थट्टा बाजूला ठेवते. मी तीस वर्षं रुग्णालयात काढली. बेन्यात जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेणारी मी. त्याचे वडील गेले तेव्हा तुझ्या शेजारी बसलेली मी. तो मलाही हवा आहे. पण एक हिवाळा डोंगरावर काढलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं आहे. तू ते पाहू नयेस. डोळे मिटले तरी जात नाही ते.

नाताळात इकडे ये. एकटी राहू नकोस. काळ्या चेरीचा मुरंबा पाठवते आहे. सगळा खा, वाटत सुटू नकोस. साबीनबाईंचा पत्ता कळव, म्हणजे तुझ्या गुडघ्याबद्दल दोन शब्द त्यांना लिहीन.

ऐकण्याची सवय नसली तरी लावून घे.
तुझी ताई,
मायालेन

*

बायगोरी,
२० फेब्रुवारी १९८८

ति. मायालेनताईस,
सा. न. वि. वि.

नाताळात आले नाही म्हणून रागावलीस, ठाऊक आहे. सुट्टीतच चालायला दिवस मिळतात.

रविवार सोडून रोज चालते. पाठीवर आता चौदा किलो, मेंढ्यांना घालतात त्या मिठाच्या पिशव्या. कसाई दारात उभा राहून ओरडतो, की ग्राशीबाई, जपून, सगळा कळप मागे लागेल. चढण जमते. उतरण माणसाला मारते. पायाची दोन नखं काळी पडून गळाली. साबीनबाईंचा नियम असा, की भूक असो-नसो तासाला काहीतरी खायचं, आणि दुपारचे दोन वाजले की असाल तिथून मागे फिरायचं. शिखर चार पावलांवर असलं तरी. मी विचारलं, आणि मुलगा चार पावलांवर असला तर? त्या म्हणाल्या, तरीही.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. सलग दोन दिवस, बाराशे मीटर वर आणि तितकंच खाली. दुसऱ्या दिवशी मेंढपाळाच्या झोपडीपाशी माझे पाय थांबले. मी त्यांना शिव्या दिल्या, आईच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या. पाय ऐकेनात. मी नापास.

त्या निवाऱ्यापाशी आता किती बर्फ असेल, हाच विचार दिवसभर. खानावळीत रस्सा वाढताना हात थांबतो, पोरं ताटली पुढे धरून वाट बघत राहतात.

कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या, त्यांच्याकडे बघायला वेळ नाही. आईचे निळे कप तुझ्याकडे पाठवते आहे. तुझ्या घरी माणसं येतात तरी.

वरचेवर आठवण ठेव.
ग्राशी

*

बायगोरी,
२२ मे १९८८

मायालेनताई,

आज न. वि. वि. काही नाही.

काल तिसऱ्यांदा परीक्षा झाली. नेमलेल्या वेळेपेक्षा नऊ मिनिटं उशिरा मी खाली पोचले. नऊ मिनिटं. साबीनबाई म्हणाल्या, नापास. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पिशवी आपटली, मिठाचा सडा झाला. विचारलं, तुम्ही मला मुद्दाम अडवता आहात का? तेव्हा त्यांनी खणातून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. अक्षर तुझं.

तू त्यांना गुडघ्याबद्दल लिहिलंच नव्हतंस. हिला काहीही करून नापास करत राहा, उन्हाळा सरू दे, एवढी भीक घाला, असं लिहिलं होतंस. डिसेंबरात! म्हणजे मी नखं गाळत होते तेव्हा तुम्ही दोघी माझा खेळ बघत होतात.

साबीनबाई म्हणतात, पत्र आलं त्या दिवशीच खणात टाकलं, त्याला उत्तर दिलं नाही. तुम्ही नापास झालात, कारण तुम्ही नऊ मिनिटं उशिरा आलात. मला त्यांचं खरं वाटतं. तुझं कसलंच खरं वाटत नाही.

तू त्याला पहिल्यांदा हातात घेतलंस ना? मग त्याला तिथे वर टाकून द्यायला तुझं मन कसं झालं?

मला लिहू नकोस.
ग्राशी

*

बायोन,
२६ मे १९८८

चि. ग्राशीस,
अनेक आशीर्वाद, तुला नको असले तरी.

पत्र मी लिहिलं. माफी मागत नाही. कारण सांगते.

नाताळाआधी तू मला तुझ्या वाटेचा कागद पाठवला होतास. पहिला दिवस, दुसरा दिवस, कुठे पाणी, कुठे मुक्काम. नऊ दिवस नीट आखलेले. त्याच्या खाली काहीच नव्हतं. परतीची गाडी नाही, उतरायचं गाव नाही. शाळेत कधी रुजू होणार तेही नाही. बेन्यातच्या कागदावरसुद्धा शेवटी समुद्र होता गं. मी त्याच दिवशी साबीनबाईंना लिहिलं. पुढे तू कोंबड्या दिल्यास, आईचे कप पाठवलेस. मी असली आवराआवर रुग्णालयात खूप पाहिली आहे, ग्राशी. ज्यांना घरी परतायचं नसतं, ती माणसं अशीच नीटनेटकी होतात.

तू त्याला आणायला निघालेली नाहीस. त्याच्याकडे निघाली आहेस.

मी चुकत असेन तर एकच ओळ लिही. बोलू नकोस, भेटू नकोस. नुसती ‘ताई, तू चुकलीस’ एवढी ओळ. रोज दुपारी टपालवाल्याची वाट बघते आहे.

मायालेन

*

९ जुलै १९८८

श्रीमती मायालेन यांस,
सा. न. वि. वि.

आपलं डिसेंबरातलं पत्र अनुत्तरित राहिलं, त्याबद्दल क्षमस्व. खोटं नापास करणं मला जमण्यासारखं नव्हतं.

ग्राशीबाई २५ जूनला पास झाल्या, अकरा मिनिटं राखून. त्या संध्याकाळी मी त्यांना तुमच्या मनातलाच प्रश्न विचारला, परत यायचं आहे ना? त्या बराच वेळ बुटाचे बंद सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, ताई चुकली नाही, पण तिला तसं लिहू कसं?

मी नको म्हटलं तर त्या एकट्या जातील. म्हणून मी सोबत जाते आहे. अट एकच घातली. तंबू त्या वाहतील, अन्न मी. एकीला सोडून दुसरीला राहता येणार नाही. उद्या निघतो. मी काही वचन देत नाही, डोंगरावर ते चालत नाही. पण माझं घड्याळ चालतं.

आपली,
साबीन एस्त्राद

*

२ ऑगस्ट १९८८

ति. मायालेनताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र डोंगरापायथ्याच्या एका गावातून लिहिते आहे. बेकरीच्या मागच्या खोलीत राहते. गुडघा सुजला आहे, तो खरंच उसना होता.

पाचव्या दिवशी आम्ही त्या खोलगट जागेत पोचलो, जिथे पथकाने सगळ्यात जास्त शोधलं होतं. ताई, मला वाटलं होतं, त्याची आई तिथे पोचली की दिसेल. चाळीस माणसांना नाही दिसलं ते आईला दिसेल. वर पोचले आणि पाहिलं, तर घराएवढे धोंडे, हजारो, आणि प्रत्येकाखाली एक अंधारी फट. मी तीन दिवस फटींत वाकून हाका मारल्या. बत्तीच्या उजेडात पाणी दिसलं, बर्फ दिसलं, एका मेंढीची हाडं दिसली. बेन्यात दिसला नाही. मी वर्षभर त्या पथकाला मनातून शाप देत होते. त्यांना पत्र लिहिणार आहे.

तिथल्या चौथ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं. दोन वाजले. साबीनबाई म्हणाल्या, चला. मी एका धोंड्याला टेकून बसले आणि म्हटलं, तंबू घ्या, तुम्ही जा. तू लिहिलं होतंस तेच. मी निघालेच होते त्यासाठी.

त्यांनी वाद घातला नाही. माझ्याशेजारी बसल्या. गारा सुरू झाल्या. मी म्हटलं, जा ना. त्या म्हणाल्या, तू उठलीस की जाऊ. पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाल्या. पाऊण तास आम्ही तशाच बसलो. मग त्या काहीतरी बोलल्या आणि मला शब्द कळले नाहीत. त्यांची जीभ जड झाली होती. पिशवीचा पट्टा लावायला गेल्या, बोटं वळेनात. विचारलं, थंडी वाजते का, तर हसून नाही म्हणाल्या. गारठून मरायला टेकलेल्या माणसाची ही लक्षणं त्यांनीच मला शिकवली होती. ताई, ती बाई तिथे माझ्याशेजारी मरत होती, आणि तिचा तंबू माझ्या पाठीवर होता.

मी उठले. दुसरं काही सुचलंच नाही. बुटांचे बंद बांधले, माझा कोट त्यांना घातला, तोंडात साखर कोंबली, दंड धरला आणि उतरायला लागले. पाच तास. वाटेत ओरडत होते त्यांच्यावर, खा, पाय टाक, झोपायचं नाही. बेन्यातला शाळेत न्यायला उठवायचे तशी. मेंढपाळांच्या झोपडीत चूल पेटलेली होती. तिथे त्यांना कापडात गुंडाळून धरलं, तेव्हा त्यांचे दात वाजायला लागले, म्हणजे अंगात ऊब परतत होती. तो आवाज ऐकून मी रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

आता त्या बऱ्या आहेत. काल म्हणाल्या, मी असं पुन्हा करणार नाही, तुझ्यासाठी नाही आणि कुणासाठीही नाही. तोंड फिरवून म्हणाल्या.

ताई, तू चुकली नव्हतीस. आणि मी बरी झाले असं समजू नकोस. सकाळी जाग येते तेव्हा पहिला श्वास नकोसा असतो. पण बेन्यात वर आहे आणि मी खाली आहे. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

शनिवारच्या गाडीने बायोनला येते. स्टेशनवर ये. काही बोलू नकोस, फक्त ये.

मला जीव लावतेस, तो लावत राहा. सध्या मला त्याची गरज आहे.

तुझी,
ग्राशी