धाकटीचे सेल कोणी बदलायचे

मी खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वी कापडगिरणीत माग चालवीत होते, आता निवृत्त व विधवा, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करीत आहे. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी माझे कान भरलेले नाहीत. माझ्या बाबतीत ते काम सोपेही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान ठिकाणावर नाहीत, पण कायद्याची तशी अट नाही, असे वकिलांनी मला पुन्हा पुन्हा ओरडून सांगितले. सही मी सरकारी कागदांवरच्या नावानेच करीन. परंतु गिरणीत आणि घरात मला सगळे थोरली म्हणत आले आणि माझ्या जावेला धाकटी. या कागदात तीच नावे आहेत.

बुधवारी मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे. हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण ते मास्क लावून बोलतात, त्यामुळे ओठ दिसत नाहीत आणि कानातल्या मशीनमधून नुसता घोगरा आवाज येतो. काळजी करू नका एवढे कळले, पुढचे कळले नाही. पुढचे न कळल्यामुळेच हा कागद करीत आहे.

कलम पहिले. घराबाबत.

सासऱ्यांच्या घराचा रस्त्याकडचा अर्धा भाग माझ्या नावावर आहे, मागच्या गल्लीकडचा अर्धा धाकटीच्या. माझ्या भागाची मालकी माझ्यानंतर माझ्या मुलाला मिळावी. मात्र धाकटी हयात असेपर्यंत त्याने तो विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि मधली खोली वापरण्याचा हक्क तिला तहहयात राहावा.

मुलाला हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, काकूंसाठी माझं घर अडकवून ठेवणार का?" मुलगा वाईट नाही. माझी दोन्ही मशीन त्यानेच घेऊन दिली. पण तो लहान असताना घरात काय झाले ते त्याला कोणी सांगितलेले नाही, म्हणून इथे सांगते.

धाकटी आणि मी एकाच घरात सून म्हणून आलो आणि एकाच गिरणीत एका खात्यात शेजारच्या मागांवर लागलो. मागांचा आवाज असा की शेजारचीच्या कानात ओरडले तरी ऐकू जात नसे. त्यामुळे तिथल्या सगळ्या बाया ओठांनी बोलत. आवाज न काढता तोंड मोठे हलवायचे, लागेल तिथे हात. धाकटी आणि मी त्यात इतक्या तरबेज झालो की आमच्या सासूबाईंच्या देखतही सासूबाईंविषयी बोलत असू. आयुष्यात मी सगळ्यात जास्त गप्पा मारल्या त्या तिथे, जिथे कोणालाच काही ऐकू येत नव्हते. आमचे कान तिथेच गेले. मुकादमाकडे कानात घालायला बोळे मागितले की तो म्हणायचा, "कान झाकून काम करायला इथे काय थंडी वाजते का?" त्याला मी माफ केलेले नाही आणि या मृत्युपत्राने करीतही नाही.

पुढे माझे यजमान आणि माझे दीर यांचे मागच्या अंगणावरून फाटले. एकाला ते गाड्या दुरुस्त करणाऱ्याला भाड्याने द्यायचे होते, दुसऱ्याला नको होते. एवढेच. शब्दाने शब्द वाढला आणि भाऊबंदकी घरात शिरली. एक दिवस धाकटी आणि मी गिरणीतली पाळी संपवून परतलो, तर मधल्या खोलीत गवंडी भिंत घालत होता. छातीपर्यंत आली होती. मी अलीकडे उभी, ती पलीकडे. तोवर एकमेकींचे तोंड दिसत होते. ती ओठांनीच म्हणाली, "ताई, उद्या पाळीवर बोलू." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्या दिरांनी तिची पाळी बदलून घेतली होती. ती दिवसाची झाली, मी रात्रीची. पुढे गिरणी बंद पडली तेव्हा पाळ्याही संपल्या.

आमचे दोघींचे कधीच भांडण झाले नाही. हे मुलाने नीट वाचावे. भांडण नव्हते म्हणून ते मिटवायलाही कोणी आले नाही. नवऱ्यांच्या हयातीत त्यांचा शब्द मोडवला नाही, आणि ते दोघे गेल्यावर इतकी वर्षे झाली होती की कोणत्या तोंडाने जायचे ते कळेना. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला असतील, आम्हा दोघींना मात्र राहिले नव्हते.

कलम दुसरे. श्रवणयंत्रे व त्यांचे सेल.

माझी दोन्ही मशीन माझ्यामागे धाकटीला द्यावीत. कानात बसणारा भाग तिच्या मापाचा करून द्यायचे मशीनवाल्यांनी कबूल केले आहे. तिचे एखादे मशीन दुरुस्तीला गेले तर ही उपयोगी पडतील. मला शेवटचे उचलण्याआधी मशीन कानातून काढावीत. त्या घाईत कोणाच्या लक्षात राहत नाही आणि चालू सेल फुकट जातात.

सेलविषयी सविस्तर लिहिते, कारण ज्याला करावे लागेल त्याला ते माहीत असावे. सेल शर्टाच्या बटणापेक्षा लहान असतो. पाठीवरचा केशरी स्टिकर काढला की त्याला जराशी हवा लागू द्यावी, मगच मशीनमध्ये घालावा. घाई केली तर लवकर उतरतो. स्टिकर एकदा काढला की परत चिकटवून उपयोग नाही, सेल संपतच जातो. संपायच्या आधी मशीन कानात टुंग टुंग करते, आणि ते नेमके दुसऱ्याचे बोलणे रंगात आले की करते. झोपताना सेलचे झाकण उघडे ठेवावे. संपलेला सेल आणि नवा सेल सारखेच दिसतात, म्हणून संपलेला लगेच डबीत टाकावा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, ती गिळतात. खाली पडला तर पाय न हलवता तिथेच थांबावे आणि चुंबक लावलेल्या काडीने शोधावा. माझ्यासारखे झाडूने शोधू नये. पेठेतला घड्याळवाला पडून राहिलेला जुना माल देतो, त्याच्याकडून घेऊ नयेत. त्याच्यामुळे माझ्या नातीची शाळेतली पहिली कविता मी नुसती पाहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

माझ्या सुनेसाठी इथेच एक गोष्ट लिहिते. ती मनाने चांगली आहे. परंतु मी "काय म्हणालीस?" असे विचारले की ती म्हणते, "काही नाही, जाऊ दे." ऐकू न येण्याचे मला आता वाईट वाटत नाही, त्या 'काही नाही'चे वाटते. पुढे कधी तिच्या स्वतःच्या आईवर ही वेळ आली, तर काही नाही असे म्हणू नये. काहीतरी असतेच.

कलम तिसरे. हे धाकटीचे सेल बदलण्याविषयी आहे.

मला मशीन लागल्यावर पहिल्या आठवड्यात भिंतीपलीकडून बारीक शिट्टी ऐकू आली. दूध उतू जात असेल असे वाटले. मग लक्षात आले, मशीन हातात घेऊन मूठ मिटली की माझ्याही मशीनची अशीच शिट्टी वाजते. म्हणजे धाकटीलाही मशीन लागले होते. मी भिंतीशी उभी राहून ती शिट्टी ऐकली. ठोठावावे असे वाटले. ठोठावले नाही. ठोठावले असते तर आणखी काही वर्षे मिळाली असती.

शेवटी आली ती धाकटीच. एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात ती, मूठ मिटलेली. माझ्या कानात त्या वेळी एकच मशीन होते. ती काहीतरी म्हणाली आणि मी आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आले. तिने बाटली दोन्ही हातांनी चाचपली, वास घेतला आणि हसत सुटली.

"तेल नाही हो ताई, सेल! सेल आहे का तुमच्याकडे? पोरीचा फोन यायचाय आणि हा मेला आत्ताच मेला."

इतक्या वर्षांनी आमच्यात पहिले बोलणे झाले ते हे. मीही हसले. मग गिरणीतल्या सवयीने, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिला विचारले, "कशी आहेस?" ती हसतच माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत राहिली. मी पुन्हा विचारले, तोंड आणखी मोठे करून. तिचे हसू हळूहळू थांबले.

"ताई, तुम्ही ओठांनी बोलताय का? मला तुमचं तोंड दिसत नाही. नुसतं पांढरं दिसतं. काचबिंदू झालाय मला."

तिला दिसत होते तेव्हा मध्ये भिंत होती. भिंत ओलांडून ती आली तेव्हा दिसेनासे झाले होते. याचा दोष कोणाला द्यावा ते मला कळत नाही. देऊनही उपयोग नाही.

तेव्हापासून तिच्याशी बोलायचे तर मशीनशिवाय मार्ग नाही, आणि तिचे सेल तिला दिसत नाहीत. तिची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, दवाखान्यात नर्स आहे, दोन दोन पाळ्या करते. म्हणून सेल मी बदलते. सेल टुंग टुंग करू लागला की ती भिंतीवर लाटणे आपटते, आणि मी काठी घेऊन पायऱ्या उतरून, कोपरा वळून, मागच्या गल्लीतून तिच्या दाराशी जाते. सेल बदलून होतो आणि मग आम्ही बोलत बसतो. गिरणीत होतो तसे आता जमत नाही. ओठांचे बोलणे वेगळे असते, त्यात कुजबुज असते. आता दोघींनाही ओरडावे लागते, आणि ओरडून मनातले बोलता येत नाही.

माझ्यानंतर हे काम पुतणीने व माझ्या नातीने वाटून घ्यावे. माझी बँकेतली शिल्लक, दवाखान्याचा खर्च वजा जाता, प्रथम धाकटीच्या सेलसाठी व मशीनच्या दुरुस्तीसाठी वापरावी, तिच्यानंतर उरेल ती नातीच्या शिक्षणाला. नातीला मी सेल बदलायला शिकवले आहे. तिची बोटे बारीक आहेत, माझ्यापेक्षा चांगले बदलते. फक्त सेल बदलून लगेच पळू नये. थोडे बसावे.

कलम चौथे. माझ्यानंतर मधल्या खोलीतल्या भिंतीत दार पाडावे, म्हणजे नातीला व पुतणीला गल्लीला वळसा घालावा लागणार नाही. त्याचा खर्च माझ्या शिलकीतून करावा. ती भिंत माझ्या यजमानांनी उभी केली असल्यामुळे मी माझ्या हयातीत तिला हात लावला नाही.

कलम पाचवे. धागा ओढण्याचा माझा पितळी आकडा आणि गिरणीतली कात्री धाकटीला. सोन्याची साखळी सुनेला, मनापासून. शिलाई मशीन पुतणीला. कपाट ज्याला उचलवेल त्याला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा व पुतणी यांनी मिळून करावी. मिळून, हा शब्द वकिलांनी नको म्हटला होता, मी ठेवला आहे.

सहीपूर्वीची नोंद.

मृत्युपत्र गुप्त ठेवावे असे म्हणतात. पण धाकटीला ऐकवायचे तर सगळ्या गल्लीला ऐकवावे लागते. आज सकाळी तिच्या खोलीत, तिच्या मशीनमध्ये नवे सेल घालून, समोरच्या घरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हा कागद मोठ्याने वाचला. मशीनवाले हजर होते. धाकटीला यातले काही मिळणार असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती नुसती ऐकत होती. तेलाच्या बाटलीपाशी ती हसली. कलम चौथे वाचून झाल्यावर तिने हात वर केला.

"बाई, थांबा. हे परत वाचा."

बाईंनी परत वाचले.

"ताई, तुम्ही गेल्यावर दार पाडायचं?"

मी म्हणाले, "हो. पोरींना सोयीचं होईल."

"आणि त्या दारातून मी कुणाकडे येऊ?"

हे मला पहिल्याच खेपेला स्पष्ट ऐकू आले. बाईंनी कागद माझ्याकडे दिला आणि मशीनवाल्यांनी पेन.

सबब कलम चौथे मी स्वतःच्या हाताने खोडले असून खोडलेल्या जागी सही केली आहे. त्याऐवजी असे लिहिते की दार आताच पाडायचे आहे. भिंत दोघींची सामाईक असल्यामुळे धाकटीने आपली संमती दिली आहे. मुलाला फोन केला, तो काहीतरी बोलला. ते मला ऐकू आले नाही. तोवर पाळीवरून आलेल्या पुतणीने फोन ऐकून सांगितले की तो म्हणाला, "दार रुंद पाडा."

गवंडी सोमवारी येतो आहे. बुधवारी मी दवाखान्यात जाईन. मंगळवार आम्हाला आहे.

ठिकाण: धाकटीची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, सकाळी

(सही, सरकारी कागदांवरच्या नावाने) थोरली

वरील बाईंनी आमच्या समक्ष कागद ऐकून, समजून, कलम चौथे खोडून सही केली. ती आम्ही पाहिली, आणि त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: (सही) श्रवणयंत्राचे दुकानदार
साक्षीदार दुसरी: (सही) निवृत्त मुख्याध्यापिका, समोरचे घर