चार नंबरच्या खोलीतल्या आंघोळी

सोमवार, ४ तारीख
लागली एकदाची नोकरी! वृद्धाश्रम छोटासाच, पण भिंती नुकत्या रंगवलेल्या, खिडक्यांत कुंड्या. माझ्याकडे चार नंबरची खोली, अंथरुणाला खिळलेल्या पाच आज्या. तोंडं धुणं, कवळ्या घासणं, अंग पुसणं, डायपर, वेण्या, नखं. दर दोन तासांनी कूस बदलायची. खिडकीजवळच्या आजींनी तर पहिल्याच दिवशी माझा गालगुच्चा घेतला. पाठीला कोमट पाणी लागलं की त्या तान्ह्या बाळासारख्या डोळे मिटतात.

शनिवार, ९
कंबर कामातून गेली. जोडीला बाई मागितली, तर मॅनेजर म्हणाले, जरा कळ काढा. लेकीशी फोनवर बोलता बोलताच डोळा लागला.

मंगळवार, १२
सकाळी सातला पोचले, तर दोन आज्या न्हाऊन-माखून तयार! पावडर, घट्ट वेण्या. नर्सबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मला माझंच उरकत नाही. खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या, आधीची मावशी येऊन गेली.
कोण का असेना, माझी पाठ वाचली.

शुक्रवार, १५
आज चौघी. स्वयंपाकीणबाईंकडून कळलं, आधीची मावशी याच खोलीत, आंघोळ घालता घालता कोसळली आणि गेली. त्याआधी महिनाभर रोज सुट्टी मागत होती म्हणे.
मी कुणाला बोलले नाही. बोलले तर चौघींचं काम परत माझ्याच अंगावर. लिहितानाही लाज वाटतेय.

सोमवार, १८
आज्यांची नखं जिव्हाळीपर्यंत कापलेली. रक्त. खिडकीजवळच्या आजींची पाठ भाजलीय, फोड आलेत. मी आधीच बोलले असते तर—
मॅनेजरनी मलाच झापलं. पाण्यात हात घालून बघता येत नाही का, म्हणाले.

मंगळवार, १९
खिडकीजवळच्या आजी कुजबुजल्या: "ती म्हणते, आता त्या नवीला न्हाऊ घालते. बिचारी फार दमलीय गं."
नोकरी सोडतेय. पण आजींना हॉस्पिटलात न्यायला उद्या गाडी येणार. तेवढी येऊ दे.

बुधवार
अकरा वाजले. गाडी नाही. आजींना मलम लावून खुर्चीत टेकले, जरासंच—
माझी वेणी सुटलीय. मी नाही सोडली.
पाचही जणी बघतायत. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. आजी रडतायत, ऊठ ऊठ म्हणतायत. पाय उचलत नाहीत. पेन तेवढं हलतंय—
बादली भरतेय. वाफ—
मानेवर हात. किती हळू चोळतेय. बरं वाटतंय. देवा, किती दिवसांनी बरं—
पाणी फार