नीराबाईंच्या जागी

१० नोव्हेंबर
आले एकदाची! रेवदंड्याच्या पुढे, काशीदच्या वाटेवर, सुरूच्या बनाला लागून हा ज्येष्ठ निवास. माझ्या लेकीने, मैत्रीने पलंगावर चादर अंथरली, छोटी बुद्धमूर्ती खिडकीत ठेवली. पेणच्या शाळेत सगळा जन्म गेला. आता वह्या तपासणं नाही, स्वयंपाक नाही. न्हाणीघरात धरायला दांडे, उशाशी घंटी, वेळेवर गरम जेवण. पुण्याला परत निघताना मैत्रीच्याच डोळ्यांत पाणी. मी मात्र खुशीत. शेजारच्या खोलीतले दत्ताराम म्हात्रे, उरणचे मिठागरवाले, म्हणाले की इथला वारा खारा हाय, भूक लागंल. लागली. भात दोनदा घेतला.

१४ नोव्हेंबर
सकाळी मदतीला येणारी जागृती मला नीराबाई म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी सगुणा. सगुणा मोहिते. तिने जीभ चावली, आम्ही दोघी हसलो. या खोलीत पावसाळ्यात नीराबाई राहायच्या म्हणे. त्या कुठे गेल्या, असं विचारलं तर ती उशा झटकत राहिली.

१९ नोव्हेंबर
चहा बिनसाखरेचा. मला मधुमेह नाही. जेवायला बसवलं तेही नीराबाईंच्या खुर्चीवर. व्यवस्थापिका मृणाली यांच्याकडे तक्रार केली. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, नव्या माणसाला सुरुवातीला असं वाटतंच. असं म्हणजे कसं? मी जरा मोठ्यानेच विचारलं. जेवणाऱ्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

२५ नोव्हेंबर
दुपारी एक पन्नाशीचे गृहस्थ आले. वाकून पाया पडले आणि म्हणाले, "आई, किती बारीक झालीस!"
मी तुमची आई नाही, असं शांतपणे समजावलं. त्यांचे डोळे भरले. मृणाली त्यांना हलकेच म्हणाल्या की हितेशभाऊ, मनाला लावून घेऊ नका, या वयात होतं असं. तो माणूस बराच वेळ माझे पाय चेपत बसला. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. त्याच गोष्टीची भीती वाटली.
तो गेल्यावर मैत्रीला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. मी आई, असं सांगितलं. मग म्हणाली, आईशी मी आत्ताच बोलले. फोन ठेवून दिला.

२६ नोव्हेंबर
दत्तारामांना बागेत गाठलं. सगळं सांगितलं. ते समुद्राकडे बघत म्हणाले, "मी तरी दत्ताराम कुठं हाय? चांगदेव होतो. शेतकरी होतो का मास्तर, त्ये पन आता आठवत न्हाय. मिठागर आठवतं. त्ये माझं न्हाय."
मी म्हटलं, निघून जाऊ इथून. ते म्हणाले, जाणार कुठं? पोरं भेटायला हितंच येतात. कुणाची का असेनात.

२७ नोव्हेंबर
एकटीच फाटकाबाहेर पडले. रिक्षा मिळाली. रेवदंडा म्हटलं. रिक्षावाल्याने गोड बोलत रिक्षा वळवली आणि परत फाटकाशी आणली. नीराबाय, असं न सांगता निघू नये, म्हणाला. त्याला मी कधीही पाहिलेलं नाही.

१ डिसेंबर
मैत्री आली! व्हरांड्यातून धावत गेले. ती एका बाईच्या गळ्यात पडली होती. बाईच्या अंगावर माझी साडी. चेहरा माझा नव्हे, पण मैत्री तोच चेहरा कुरवाळत होती. मी ओरडले. तिचं लाडाचं नाव घेतलं. मैत्री दचकून मागे सरली.
ती बाई म्हणाली, "घाबरू नकोस गं. नीराबाई आहेत. कुणालाही मुलगी म्हणतात बिचाऱ्या."
मैत्रीने मला नमस्कार केला. अनोळखी म्हातारीला करतात तसा —

२ डिसेंबर
मी सगुणा. पेण. शाळा. मैत्रीच्या वडिलांचं नाव — ओठांवर आहे. आत्ता होतं.

४ डिसेंबर
मैत्रीचा चेहरा आठवायला डोळे मिटले. हितेश दिसला. लहानगा, तापाने फणफणलेला, माझ्या मांडीवर. मला मुलगा नाही. मला मुलगा नाहीच —
आज येतोय तो. स्वयंपाकघरातून दाण्याच्या कुटाचा वास. त्याला दाणे चालत नाहीत, घसा सुजतो, एकदा तर श्वासच — जागृतीला सांगायला हवं — जागृती, अगं, माझ्या बाळाला —