बाबांच्या गाण्याचा डबा

ओसाका, मार्चची सुरुवात

तीर्थरूप सेइगो काकांना चिहारूचा, कमरेत उसण भरलेली असूनही पूर्ण वाकून, नमस्कार.

तुमच्या हामामात्सुकडे उमेच्या झाडांना फुलं येऊन गेली असतील. पत्राच्या आरंभी ऋतूविषयी दोन बऱ्या ओळी लिहायची आपल्यात रीत आहे म्हणून मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं, पण आमच्या वसाहतीत या दिवसांत फुलतं ते फक्त नाक. सीडरचे पराग उडायला लागलेत. मी मास्क लावून शिंकते, बाबा मास्क न लावता शिंकतात, आणि शिंकून झालं की "कोण आलंय?" असं मलाच विचारतात. तुमचा गुडघा काय म्हणतो? मित्सुए काकूंच्या कुत्र्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? (त्याला आता दिसत असेल तर माझी आठवण करून देऊ नका, मागच्या खेपेला मी त्याच्या शेपटीवर बसले होते.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायला हात शिवशिवतो, पण माणसानं खोटं तरी किती लिहावं!

आधीच सांगून टाकते, मी काही मागण्यासाठी लिहीत नाहीये. तुमचं नि बाबांचं बोलणं नाही हे साऱ्या नातलगांना ठाऊक आहे. तुम्ही दोघं भेटता ते कुणी गेलं तरच, आणि तिथेही एकमेकांकडे न बघता उदबत्ती लावून दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडता. तेव्हा हे पत्र फक्त तुमच्या-माझ्यातलं आहे, मन मोकळं करण्यापुरतं.

बातमी अशी, की वसंतातल्या हिगानला, पितरांच्या त्या आठवड्यात, आईच्या थडग्यावर पाणी घालून आलो की बाबा वृद्धाश्रमात जाणार. मी दिवसभर दाताच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसून लोकांच्या दाढांच्या वेळा लावते, आणि मागे घरी बाबा गॅसवर रिकामी किटली ठेवून तिच्याशी गप्पा मारतात. दुसरा इलाज राहिला नाही हो. आश्रम स्वच्छ आहे, माणसं हसून बोलतात, पण माणशी एकच कपाट मिळतं, आणि आवाज करणारं यंत्र काही केल्या आत नेता येत नाही. त्याचंही एक वेळ काही नाही. जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीनं. बाबांना आपण संगीत करत होतो हेच आठवेनासं झालंय. उभं आयुष्य त्या टीचभर कंपनीत कॉम्प्युटरच्या खेळांना चाली लावण्यात गेलं, आणि परवा मी खेळाचं जुनं खोकं हातात दिलं तर मागचं नाव वाचून म्हणतात कसे, "अरेच्चा, याचं आडनाव आपलंच की! नात्यातला आहे का कुणी?" मी म्हटलं, "असेल लांबचा." स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि आलेच होते म्हणून भांडी घासून टाकली.

तेव्हाच ठरवलं, की जाण्याआधी एकदा बाबांना त्यांची चाल ऐकवायची, आणि त्यांच्या तोंडून "ही माझी" एवढे दोन शब्द काढायचे. बस. माझी दुसरी काही अपेक्षा नव्हती.

आता चाल कुठली, तर 'धुक्यातली होडी' या खेळाच्या शेवटची. एक नावाडी धुक्यातून सात नद्या पार करत आपल्या गावी पोचतो, तेव्हा ती वाजते. खेळ इतका अवघड होता, की गिऱ्हाइकं चौथ्या नदीत बुडायची आणि खोकं विकून टाकायची. म्हणजे बाबांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम जिथे कुणी पोचणारच नाही अशा जागी नेऊन ठेवलं. (आमच्या घराण्याची धंद्यातली अक्कल ही एवढीच.) तुम्ही मात्र ती ऐकली आहे. नव्या वर्षाच्या जेवणाला बाबांनी सगळं यंत्र आजोबांच्या घरी वाहून आणलं होतं, आणि साकेच्या तिसऱ्या पेल्यानंतर तुम्ही म्हणालात, "दादा, पियानोला जीव असतो. याला प्लग आहे." सगळे खो खो हसले. बाबाही हसले. आणि त्यानंतर ते तुमच्याशी बोलले नाहीत. तुम्ही पडलात पियानो सुरात लावणारे, तुम्हाला तसं वाटणं साहजिकच होतं, मी कुणाची बाजू घेत नाही.

तर बाबांचा जुना कॉम्प्युटर कपाटात होता, आणि खेळाचा नुसता शेवटच भरलेली, त्यांच्या कामाची फ्लॉपीही होती. तिला बुरशी आली होती, ती मी चष्म्याच्या फडक्यानं पुसली. यंत्र चक्क सुरू झालं, होडी किनाऱ्याला लागली, आणि सगळं चिडीचूप. तेव्हा कुठे मला कळलं, की गाणं कॉम्प्युटरमध्ये नसतंच! तो नुसता हुकूम सोडतो, आणि वाजवणारा डबा वेगळा असतो. तो डबा आईनं एका डिसेंबरात, वर्षअखेरच्या साफसफाईत, मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी चिकटवून रीतसर टाकून दिला होता. आता तिच्यावर चिडायचं म्हटलं तर हिगानला तिच्यासमोरच हात जोडायचे आहेत.

मग मी निप्पोनबाशीला गेले. तिथे त्सुजिमोतो नावाचे गृहस्थ जुन्या यंत्रांचं दुकान चालवतात. दुकान कसलं, आजारी यंत्रांचा वॉर्डच तो. प्रत्येकाच्या अंगावर चिठ्ठी, 'बिघडलेलं समजावं, परत घेतलं जाणार नाही.' (बाबांच्या बाबतीत आश्रमवाले अशी चिठ्ठी मागत नाहीत, हे त्यांचे उपकारच.) त्सुजिमोतो फार आत्मविश्वासाचा माणूस. म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता तो डबा फार जुना. त्याच्या पुढचा घ्या, यात आवाज जास्त, कटकट कमी. त्याला येतं ते सगळं याला येतं." मी पडले दातांच्या दुनियेतली. नवी कवळी जुनीपेक्षा बरी, एवढंच मला कळतं. घेतला.

पहिला आठवडा तर तो बोललाच नाही. कॉम्प्युटरच्या 'आत' लिहिलेल्या भोकातून डब्याच्या 'आत' लिहिलेल्या भोकात मी वायर घातली होती, कारण सारख्याला सारखं जोडावं असं मला वाटलं. तसं नसतं म्हणे. एकाच्या तोंडातून निघालेलं दुसऱ्याच्या कानात जायला हवं, आणि मी दोघांचे कानच एकमेकांना लावून ठेवले होते. (तुम्ही नि बाबा अगदी तसेच, पण ते असो.) वायर फिरवली, बाबांना उशी देऊन समोर बसवलं, होडी किनाऱ्याला लागली, आणि काका, काय सांगू! धुक्यातून हेलिकॉप्टर आलं. नंतर टेलिफोन वाजला. बाबा तो घ्यायला उठले. त्यांना कसंबसं बसवते तोवर चालीतला सगळ्यात हळवा तुकडा आला, जिथे पाण्याखालून घंटा वाजल्यासारखे थेंब थेंब सूर पडतात, तो. तिथे कडाडून टाळ्या! प्रत्येक सुराला टाळ्या. सूर वर गेला की बारीक टाळ्या, खाली आला की जाड टाळ्या.

त्याचं कारण पुढे त्सुजिमोतोंनीच सांगितलं, तेही डोकं खाजवत. कॉम्प्युटर 'घंटा वाजव' असं म्हणत नाही, नुसता नंबर सांगतो. जुन्या डब्यात त्या नंबरावर पाण्यातल्या घंटा होत्या, नव्यात त्याच नंबरावर टाळ्या ठेवल्यात. खानावळीनं पाटी बदलावी आणि जुन्या गिऱ्हाइकानं सवयीनं तीन नंबर सांगून माशाऐवजी जेली खावी, तसं झालं. मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणालात याला सगळं येतं." ते म्हणाले, "येतं ना. जागा बदलल्यात." यावर भांडणार तरी काय, कपाळ?

पण टाळ्या झाल्या तेव्हा बाबांनी काय केलं माहीत आहे? उठून उभे राहिले, आणि वाकले. अगदी सावकाश, पाठ सरळ ठेवून, रंगमंचावर वाकतात तसे. मग मला हळूच म्हणाले, "बरीच मंडळी आलीत." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःहून टाय लावून बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चांगलं नेसून ये, असं काय ते एप्रन." चाल कुणाची, कशाची, हे एकदाही विचारलं नाही. टाळ्या आपल्यासाठी आहेत, एवढं मात्र त्यांना पक्कं कळत होतं. कित्येक दिवसांत इतका खुलून जेवला नव्हता माणूस. मी डबा परत करायला निघायची, आणि दारातूनच मागे फिरायची.

भिंती पातळ, त्यामुळे शेजारच्या नाकाजो बाईंकडे मी आधीच टॉवेलची पेटी घेऊन क्षमा मागून आले होते. त्यांनी रीतीप्रमाणे परतभेट म्हणून संत्री दिली, मग मी संत्र्यांची परतभेट म्हणून बिस्किटं. शेवटी एकदा त्या दारात येऊन ठेपल्याच. "आवाजाचं काही नाही हो," म्हणाल्या, "पण रोज संध्याकाळी तुमच्याकडे सत्कार कुणाचा असतो? आणि मला साधं बोलावणंही नाही?" खरं सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, "टीव्ही." वसाहतीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर मग एक नवी सूचना आली, 'काही सभासदांनी जल्लोष आवरता घ्यावा.' आमच्या घरात जल्लोष! आई वरून वाचत असेल तर हसली असेल.

गेल्या आठवड्यात त्सुजिमोतोंना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी कुठूनसा तो खरा, जुना डबा आणून दिला, हिगानपर्यंत वापरायला. हा पंक्तीत सावकाश जेवणारा म्हातारा निघाला. हुकूम भरभर आले की छातीवरच्या छोट्या काचेत 'पोट भरलं' अशा अर्थाचं काहीतरी लिहून गप्प बसायचा. शेवटी कॉम्प्युटरच्या पोटावरचा वेगाचा खटका हळूवर ओढला, तेव्हा एकदाचं सगळं जमलं. आणि चाल वाजली. जशी होती तशी. काका, मी ती लहानपणी अंथरुणातून ऐकायची, भिंतीपलीकडून, पण इतकी चांगली आहे हे मला माहीतच नव्हतं. ते पाण्यातले सूर पडायला लागले आणि मी तोंडात पदर कोंबावा तसा एप्रन कोंबला.

बाबा टाय लावून शेवटपर्यंत ऐकत बसले. चाल संपली. ते बसून राहिले. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "छान होतं. कुणाचं?" आणि थोड्या वेळानं, "आज कुणी आलं नाही का?"

मी टाळ्या वाजवल्या. एकटीच्या टाळ्या कशा वाजतात, ठाऊक आहे ना? डास मारल्यासारख्या. बाबा समजुतीनं हसले आणि म्हणाले, "तू राहू दे. घरच्यांच्या धरत नाहीत."

तर अशी सगळी फजिती. उन्हाळ्याआधी गुडघ्याला तेल लावत जा, जिन्यानं चढू नका, काकूंना नमस्कार सांगा. म्हटलं तसं, मागायचं काहीच नाही.

तुमची पुतणी,
चिहारू

ता. क. काकूंनी पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. बाबांनी सगळं संपवलं आणि आलंच नाही म्हणून सांगत बसलेत. परतभेट पाठवत नाही, नाकाजो बाईंमुळे मी त्या प्रकाराला कंटाळले आहे.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते उघडून लिहिते आहे. बाबांचा उतरलेला चेहरा बघवेना म्हणून काल परत टाळ्यांचाच डबा जोडला. म्हटलं, खोटं तर खोटं, म्हातारा जेवेल तरी. हेलिकॉप्टर आलं, फोन वाजला, टाळ्या सुरू झाल्या. बाबा उठले नाहीत. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "हे काय? इथे माझ्या घंटा होत्या. कुणी काढल्या माझ्या घंटा?" माझ्या म्हणाले, काका! दोनदा म्हणाले. मी जुना डबा लावायला धावले तर वायरीत पाय अडकून पडले. उसण भरली ती अशी. (वर नमस्कारात ती आत्ताच घुसवली.)

शेवटचा ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलंय ते खोडत बसत नाही, पण तुम्ही हिगानच्या आत या. वायर सोडवत होते तेव्हा बाबा आणखी एक बोलले. "त्या टाळ्याही खोट्या होत्या," म्हणाले. "सगळे एकदम थांबतात. खऱ्या माणसांत कुणीतरी एक मागे राहतंच. आमचा सेइगो असता तर त्याची एक टाळी सगळ्यांच्या नंतर आली असती. कान सोन्याचा, पण ताल म्हणून नाही कार्ट्याला, शाळेपासून." आणि परत दाराकडे बघत बसले. काही बोलू नका, माफी मागू नका, ते कुणाला आठवत नाही आता. नुसते येऊन बसा. चाल संपली की मी वाजवीन, नाकाजो बाईंनाही बोलावते, त्याही वाजवतील. तुम्ही मात्र आमचं थांबेपर्यंत थांबा.