परसातली शेड, दहा बाय दहा

सोमवार, ३ तारीख
सासूबाईंनी आज सांगून टाकलं. शिलाई मशीनच्या खडखडाटाने बाळ उठतं. महिनाअखेरपर्यंत मशीन घराबाहेर, नाहीतर शिवणकाम बंद. मी काही बोलले नाही. घाबरले म्हणून नाही. तोंडात टाचण्या होत्या.
ठरलं. परसात शेड बांधायची.

बुधवार, ५
हे म्हणाले, बांधकामाला परमिट लागतं, नगरपालिकेच्या ऑफिसात विचारून ये. मी म्हटलं, जाते की! साहेब काय खातो का मला?

गुरुवार, ६
गेले. बाळाला शी झाली म्हणून दारातूनच परत आले.
झाली नव्हती. पण झाली असती तर?

शुक्रवार, ७
साहेब कशाला, फाटकावरच्या शिपायालाच विचारलं. तो म्हणाला, ताई, दहा फूट बाय दहा फुटापर्यंत परमिट लागत नाही. एवढं सोपं! लोक उगीच भितात.

बुधवार, १२
पत्रेवाल्याला माप मीच दिलं. दहा फूट, वर चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचे. शिवणीत जातात तेवढे. तो म्हणाला, बाई, पत्रा शिवणीत जात नाही. मी म्हटलं, दादा, शिवणातलं मला शिकवू नका.

रविवार, १६
शेड उभी! मशीन आत. दुपारभर शिवलं. बाळ ढिम्म हललं नाही.

मंगळवार, १८
कोणी तक्रार केली तर? रात्री तीनदा उठून शेड बघून आले. उकडत होतं म्हणून.
शेवटी आपणहून ऑफिसात जाऊन सांगितलं, आमची शेड नियमातच आहे, हवं तर बघून जा. पत्ताही दिला. असं केलं की वचक बसतो. क्लार्क म्हणाला, बाई, तुम्हाला विचारलं होतं का कोणी?

शुक्रवार, २१
इन्स्पेक्टर आला. मी न्हाणीघरात. बाळाला आंघोळ घालायची होती. सकाळची घातलेली होती, पण स्वच्छता महत्त्वाची.
टेप लावला. दहा फूट चार इंच. मी दाराआडून म्हटलं, साहेब, धुतल्यावर आटेल.
हे बोलायला नको होतं.

सोमवार, २४
कागद आला. परमिट मिळेपर्यंत शेडमध्ये कामधंदा करायचा नाही. नुसतं बसायला हरकत नाही. हे दिवसभर हसतायत.

रविवार, ३०
मशीन परत स्वयंपाकघरात. खडखडाट नको म्हणून सासूबाई बाळ आणि गादी घेऊन शेडमध्ये राहायला गेल्या. म्हणतात, छान वारा येतो, आता परमिट आलं तरी मी हलायची नाही.
आज तडक शेडमध्ये गेले. शेड माझी आहे, हे तोंडावर सांगायलाच. सासूबाई म्हणाल्या, बरी आलीस गं, खिडकीला पडदा हवाय.
माप घेऊन आले.