विहीर दिसणारं घर

४ फेब्रुवारी १९५४

रहस्यकथा परत! संपादक लिहितात — ‘बाई, तुमच्या बंगल्यात धुकं आहे, मेणबत्त्या आहेत, पियानोसुद्धा आहे. माणसं मात्र पोहे खातात. खून तुम्ही पाहिलेल्या जागी करा.’

खरंच की! पियानो मी जन्मात पाहिलेला नाही.

५ फेब्रुवारी

पाहिलेली जागा म्हणजे अंबरनाथ. यांना विचारलं. (इथे नाव घ्यायला काय हरकत — विष्णुपंतांना!) हसले. ‘आमच्या फॅक्टरीत खून करायला सवड कुणाला आहे? भोंगा झाला की सगळे कामावर!’

क्वार्टर्समध्ये तर शक्यच नाही. शेजारच्या माई फोडणीच्या वासावरून भाजी ओळखतात. प्रेत कुठे लपवू?

९ फेब्रुवारी

आमच्याकडे भांडी घासणारी गोजरबाई बुवापाड्याची. आज तिच्याबरोबर गेले, आणि जागा सापडली! टेकाडाआड विहीर. पाड्यातल्या कुठल्याच घरातून ती दिसत नाही — एक सोडून. वरच्या अंगाला एकटंच घर, ओटा थेट विहिरीकडे तोंड करून.

मग गुन्हेगार शोधावा लागलाच नाही. पाण्याला कोण एकटं आलंय, हे त्या ओट्यावर बसणाऱ्यालाच कळणार. तिथे एक सासू बसवली आणि सुनेला विहिरीत ढकललं. एवढी वर्षं उगाच माणसांपासून सुरुवात करत होते. आधी जागा नीट पाहावी, माणसं आपोआप येतात!

त्या घरात कोण राहतं, विचारलंही नाही. कथेपुरतं तर घर हवं होतं.

२० फेब्रुवारी

लिहून झाली. हात दुखतोय. मजेत दुखतोय.

२ मे

अंक आला! पाड्याचं नावसुद्धा तसंच छापलंय. विष्णुपंतांनी चहा थंड होऊ दिला — याहून मोठा अभिप्राय नको. गोजरबाईचा नवरा आण्णा फॅक्टरीत कामाला आहे, त्याला वाचता येतं. एक अंक त्याला दिला. पारावर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली म्हणे!

११ मे

गोजरबाई उशिरा आली. मान धरलेली. पाड्यातल्या बाया म्हणे त्या विहिरीवर जातच नाहीत. पार रुळांपलीकडून पाणी आणतात. या उन्हात!

‘का गं?’

‘न्हाय जात.’

‘भूत दिसतं की काय?’

ती राख घेऊन कढई घासत राहिली.

माझ्या कथेपायी बाया डोक्यावर हंडे घेऊन रूळ ओलांडतात. एखादीला काही झालं तर? आज जेवण गेलं नाही.

१४ मे

पाड्यावर गेले. पारापाशी हंडे घेतलेल्या बाया जमल्या. ‘अगं, सगळं खोटं आहे ते! माझ्या डोक्यातलं! विहीर चांगली आहे.’ एक जण हसेल तर शपथ.

मग वरच्या घरातल्या राजाबाई आल्या. विहीर त्यांच्याच मालकीची म्हणे. पांढरेशुभ्र केस, गोड आवाज. मला विहिरीवर नेलं, स्वतः पाणी शेंदलं, तांब्या पुढे केला. ‘घ्या बाई. उन्हाच्या आलाव.’ सगळ्यांदेखत गटागटा प्याले. ‘तुमचं घर उगाच गोवलं, माफ करा,’ म्हणून वाकून नमस्कारही केला. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एकीने विहिरीच्या काठावर हंडा ठेवला. मग दुसरीने. संध्याकाळपर्यंत रहाट पुन्हा करकरायला लागला म्हणे!

केवढी हलकी होऊन घरी आले.

१५ मे

गोजरबाई, मान वर न करता — ‘राजाबाईची सून त्याच हिरीत गेली व्हती, बाई. कशी गेली ते समद्यांना ठावं व्हतं, पन बोलनार कोन? तुमचं छापून आलं, तवा बायांनी पयल्यांदा राजाबाईचं पानी सोडलं. अन् तुमी येऊन तिच्या पाया पडलाव.’